स्वतःचा विचार आणि स्वतःची ओळख

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हश्रमध्ये (59:18-19) दोन आयती लागोपाठ आल्या आहेत. पहिल्या आयतीत ईमानधारकांना अल्लाहचे भय बाळगण्यास सांगून, प्रत्येकाने आपण उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे हे पाहावे, असा आदेश दिला आहे. दुसऱ्या आयतीत इशारा आहे. जे लोक अल्लाहला विसरले आणि परिणामी अल्लाहने ज्यांना स्वतःचाच विसर पाडला, त्यांच्यासारखे होऊ नका, असे तेथे बजावले आहे.

या दुसऱ्या आयतीवर थोडे थांबावयास हवे. अल्लाहला विसरलेला मनुष्य स्वतःला विसरतो, हे विधान प्रथमदर्शनी आपल्या अनुभवाच्या उलट वाटते. ज्याला अल्लाहची आठवण राहिली नाही, तो तर रात्रंदिवस स्वतःचाच विचार करीत असतो. माझी प्रतिष्ठा, माझा पैसा, माझा अपमान, लोक मला काय म्हणतील, मला जे मिळावयास हवे होते ते का मिळाले नाही, हे सारे त्याच्या मनात अखंड चालू असते. मग त्याला स्वतःचा विसर पडला असे कसे म्हणता येईल? कुरआनच्या दृष्टीने मात्र या अखंड चिंतनाला स्वतःची आठवण म्हणतच नाहीत. मनुष्य आयुष्यभर स्वतःचा विचार करू शकतो आणि तरीही स्वतःला अनोळखीच राहू शकतो. विचार करणे आणि ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

येथे एक गोष्ट जाता जाता स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ज्याने स्वतःला ओळखले त्याने आपल्या पालनकर्त्याला ओळखले, या अर्थाचे एक अरबी वचन आपल्याकडे हदीस म्हणून वारंवार सांगितले जाते. इमाम नववी यांच्यासारख्या हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ते प्रेषितवचन म्हणून सिद्ध होत नाही, असे म्हटले आहे. वचनाचा आशय चांगला आहे, परंतु ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावावर सांगणे टाळावे. सूरह अल-हश्रची आयत आपल्यापाशी असताना त्याची गरजही उरत नाही.

स्वतःच्या विचारात गुरफटलेल्या मनाचे एक लक्षण असे की, तेथे आरोपी, वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश ही चारही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. असा खटला कितीही वर्षे चालला तरी निकाल ठरलेलाच असतो. कधी तो निर्दोष सुटकेचा असतो, तर कधी, विशेषतः तरुण मनांत, फाशीचा असतो. दोन्ही निकाल सारखेच खोटे असू शकतात, कारण बाहेरचा एकही पुरावा तेथे तपासलेला नसतो. सूरह अल-कियामहमध्ये (75:14-15) मनुष्याविषयी म्हटले आहे की, तो कितीही सबबी पुढे करो, स्वतःविरुद्ध तो स्वतःच उघड पुरावा आहे. सबबी आणि पुरावा यांतील हा फरक पुढेही आपल्याला उपयोगी पडणार आहे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत हन्जला (र.) यांचा प्रसंग आला आहे. ते प्रेषितांच्या लेखनिकांपैकी एक होते. एके दिवशी हजरत अबू बक्र (र.) यांची भेट झाली असता त्यांनी सांगितले की, हन्जला तर मुनाफिक, म्हणजे दांभिक झाला. कारण विचारता ते म्हणाले की, प्रेषितांच्या सहवासात स्वर्ग आणि नरक जणू डोळ्यांसमोर दिसतात, परंतु घरी परतून बायकामुलांत व शेतीवाडीत रमलो की पुष्कळसे विसरून जातो. हजरत अबू बक्र (र.) यांनी आपलीही अवस्था अशीच असल्याचे सांगितले आणि दोघे मिळून प्रेषितांकडे गेले. प्रेषितांनी त्यांना समजावले की, ती पहिली अवस्था कायम राहिली असती तर फरिश्त्यांनी तुमच्याशी बिछान्यांवर आणि रस्त्यांत हस्तांदोलन केले असते, परंतु काही वेळ असा असतो आणि काही वेळ तसा.

या प्रसंगात हन्जला (र.) यांनी नेमके काय केले हे पाहण्यासारखे आहे. आपल्या मनातील विसंगती त्यांना दिसली. ती त्यांनी झाकली नाही आणि तिच्यावरून एकटे कुढतही बसले नाहीत. ज्यांच्यापाशी खरे माप होते, त्यांच्याकडे ते ती घेऊन गेले. तेथे त्यांचा स्वतःविषयीचा निकाल बदलला. आपण दांभिक आहोत, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला. म्हणजे स्वतःला कठोरपणे दोषी ठरविणे हीदेखील स्वतःची खरी ओळख असेलच असे नाही.

आमच्या मराठवाड्यात, विशेषतः लातूर आणि नांदेड येथे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याची आज फार गरज आहे. गेल्या काही दशकांत ‘लातूर पॅटर्न’ने या भागाची ओळखच बदलून टाकली. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांपासून सुरू झालेली ही परंपरा आज खाजगी शिकवणी वर्गांच्या मोठ्या पसाऱ्यात विस्तारली आहे. नांदेडही त्यात मागे नाही. दूरदूरच्या तालुक्यांतून मुले-मुली खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहून ‘नीट’ची तयारी करतात. त्यांत आपलीही शेकडो मुले आहेत. कोणाच्या अब्बांनी जनावर विकले आहे, कोणाच्या अम्मीने दागिना मोडला आहे. अशा मुलाच्या मनात स्वतःविषयी जो विचार चालतो तो बव्हंशी गुणांचा असतो. 720 पैकी किती, आणि शेजारच्या मुलापेक्षा किती कमी.

तरीही याच मुलांना स्वतःचा विचार आणि स्वतःची ओळख यांतील भेद कदाचित थोरांपेक्षा लवकर कळेल. सराव परीक्षेचा निकाल लागला की दोन प्रकारची मुले दिसतात. एक मूल गुणांचा आकडा पाहून रात्रभर अस्वस्थ राहते. मी हुशार नाही, घरच्यांना तोंड कसे दाखवू, हेच त्याच्या मनात घोळते. दुसरे मूल तितकेच खिन्न असूनही उत्तरपत्रिका घेऊन बसते. कोणता प्रश्न येत नव्हता, कोणता येत असूनही घाईत चुकला, कोठे केवळ अंदाजाने खूण केली आणि एक गुण वजा झाला, हे ते पाहते. पहिल्याने स्वतःचा विचार केला आणि दुसऱ्याने स्वतःला तपासले. इस्लामी परिभाषेत या दुसऱ्या कृतीच्या जातीला मुहासबा, म्हणजे हिशेब घेणे, असे म्हणतात.

पालकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. गुणांचा आकडा हा मुलाचा मुहासबा नाही. आपले मूल सतत स्वतःला दोष देत असेल, खात-पीत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर त्याला आत्मपरीक्षणाचा उपदेश करू नये. त्याला घरी आणावे, जवळ बसवावे आणि आवश्यक तर डॉक्टरांना दाखवावे. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्यास कुरआनने मनाई केली आहे (39:53). दोषांच्या विचारात बुडून जाणे हे अनेकदा परहेजगारीसारखे दिसते, परंतु तेथेही मध्यभागी ‘मी’च बसलेला असतो.

आत्मपरीक्षणाच्या या शास्त्राला आपल्या परंपरेत मोठा इतिहास आहे. तिसऱ्या हिजरी शतकातील बगदादचे हारिस अल-मुहासिबी (निधन 857) यांना तर हे नावच मुहासब्यावरून मिळाले. परंतु या विषयात सर्वांत बोलका अनुभव इमाम गजाली (1058-1111) यांचा आहे, आणि त्यांनी तो स्वतःच लिहून ठेवला आहे.

1091 साली वजीर निजामुल मुल्क यांनी गजाली यांची बगदादच्या निजामिया मदरशात नेमणूक केली. वय अवघे तेहतीस. शेकडो विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत, राज्यकर्ते सल्ला घेत. बाहेरून पाहणाऱ्याला याहून सफल धार्मिक जीवन दिसणे शक्य नव्हते. ते दीनचेच ज्ञान शिकवीत होते, व्यापार करीत नव्हते. अशा मनुष्याला स्वतःविषयी समाधानाने विचार करण्यास कितीतरी जागा होती. परंतु आपल्या हेतूचा शोध घेता त्यांना आढळले की, आपले अध्यापन निखळ अल्लाहसाठी नाही. मान-मरातब आणि कीर्तीची ओढ हीच त्यामागची प्रेरणा आहे.

हे कळल्यानंतर लगेच सुटका झाली असे नाही. आज ठरवावे आणि उद्या मोडावे, अशा ओढाताणीत 1095 साली सुमारे सहा महिने गेले. शेवटी त्यांची जीभच चालेनाशी झाली. वर्गात शिकविता येईना, अन्न गिळवेना. वैद्यांनी सांगितले की, हा आजार मनातून उतरलेला आहे. अखेर त्यांनी कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली, हजला जात असल्याचे निमित्त केले आणि बगदाद सोडून ते दमिश्कला गेले. पुढे अनेक वर्षे त्यांनी एकांतात काढली. ‘इहया उलूमुद्दीन’ हा महान ग्रंथ याच कालखंडाचे फळ होय.

या कथेतील पुढचा भाग सांगण्याचे बहुतेक वक्ते विसरतात. 1106 साली गजाली निशापूरला पुन्हा शिकविण्यास गेले. बाहेरून पाहता मनुष्य पुन्हा त्याच जागी आला होता. तेच अध्यापन, तशीच निजामिया. परंतु त्यांनी स्वतः नोंदविले आहे की हे परतणे नव्हते. पूर्वी ते ज्या ज्ञानाने मान मिळतो ते शिकवीत होते, आता ज्या ज्ञानाने मानाचा लोभ सुटतो त्याकडे बोलावत होते. तेव्हा स्वतःची ओळख पटण्यासाठी घरदार सोडून निघून जावेच लागते, असा निष्कर्ष या चरित्रातून काढू नये. काम तेच राहू शकते, परंतु ते कोणासाठी चालले आहे याचे उत्तर बदलावे लागते.

‘इहया’मध्ये गजाली यांनी मुहासब्याची रीत बाजाराच्या भाषेत समजाविली आहे. नफ्स हा जणू व्यापारातील भागीदार आहे. सकाळी त्याच्याशी अटी ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी, आणि सायंकाळी नफा-तोट्याचा चोख हिशेब मागावा. हजरत उमर (र.) यांच्या प्रसिद्ध उपदेशाचा आशयही हाच आहे. तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच आपला हिशेब घ्या, असे ते सांगत.

लातूरच्या वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. तूर आणि सोयाबीनच्या आडत बाजारावर हे शहर उभे आहे. तेथील दिवाणजी रात्री रोजमेळ जुळविल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. पाच रुपयांचा फरक आला तरी वही पुन्हा उघडली जाते. आपला व्यवहार एकूण चांगलाच आहे, अशी भावना तेथे चालत नाही. आपल्या मराठीतील हिशेब, जमा, बाकी, वसूल हे शब्द मूळ अरबीतूनच आलेले आहेत. ज्या दिवसाला कुरआन हिशेबाचा दिवस म्हणतो, त्याचे नाव आपण रोज बाजारात उच्चारीत असतो.

रोजमेळाचे वैशिष्ट्य हे की, तो भावनेवर चालत नाही, मोजमापावर चालतो. एक लहानसे उदाहरण घेऊ. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून कलम 144 लागू करावे लागले. 12 एप्रिल रोजी मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या दिवसांत प्रत्येक घराला आपण किती पाणी वापरतो हे लिटरमध्ये ठाऊक होते. आज किती जणांना ठाऊक आहे? प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. मापाविषयीचे मतभेद धरूनही हे पाणी एक लिटरच्या आतबाहेरच ठरते. आपण उधळे नाही, असे प्रत्येकाला वाटते. आज इशाच्या वेळी तोटीखाली बादली ठेवून वुजू करावा आणि मग बादलीत पाहावे.

आता अधिक कठीण खात्याकडे वळू. प्रेषितांनी एकदा सहाबांना विचारले की, दिवाळखोर कोण? ज्याच्यापाशी पैसा-सामान नाही तो, असे त्यांनी उत्तर दिले. प्रेषितांनी सांगितले की, आपल्या उम्मतमधील दिवाळखोर तो, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचे धन गिळलेले असेल. त्याची पुण्ये त्या हक्कदारांना वाटली जातील, आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील (मुस्लिम). या मनुष्याने स्वतःविषयी कधीच वाईट विचार केला नसावा. त्याची जमेची बाजू खरी होती. त्याने फक्त नावेची बाजू कधी उघडली नाही.

आपल्या घरांत ही नावेची बाजू बहुतेक वेळा सातबाऱ्यावर लिहिलेली असते. वडील वारले, दहाव्या-चाळिसाव्यापर्यंत सर्व बहिणी घरी होत्या. नंतर तलाठ्याकडे वारस नोंद करण्याची वेळ येते. काही घरांत बहिणींची नावे लागतात आणि लगोलग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. काही घरांत तितकेही होत नाही. हे करणारा भाऊ वाईट मनुष्य असतो असे नाही. तो पहिल्या सफमध्ये उभा राहतो, हज करून आलेला असतो, बहिणीच्या मुलांच्या लग्नात पुढे होऊन खर्च करतो. स्वतःचा विचार करताना त्याला हेच आठवते. आणि हिस्स्याचा विषय निघाला की तो म्हणतो की, तिच्या लग्नात अब्बांनी एवढा खर्च केला, दर ईदला आम्ही तिला कपडे पाठवितो, शिवाय तिनेच सांगितले की तिला काही नको.

ही तिन्ही विधाने खरी असू शकतात. तरीही सूरह अल-कियामहच्या भाषेत त्या सबबीच राहतात, कारण त्यांपैकी एकही हिस्स्याची जागा घेत नाही. सूरह अन-निसाने (4:7) आई-वडील व नातलगांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, मग तो माल थोडा असो वा फार. पुढे 4:11 मध्ये प्रमाण सांगितले आहे आणि 4:13-14 मध्ये या अल्लाहने घातलेल्या मर्यादा असल्याचे बजावले आहे. लग्नातील खर्च ही वडिलांची देणगी होती. ईदचे कपडे हा भावाचा स्नेह आहे. हिस्सा ही यांपैकी कोणाचीच कृपा नसून तिची मालमत्ता आहे, आणि ती वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी तिची झालेली आहे.

राहिले तिचे ‘नको’. चार नातेवाईक बसलेले असताना, वहिनी चहा घेऊन आलेली असताना, कागद पुढे ठेवून विचारले जाते आणि ती मान खाली घालून म्हणते, ‘मेरेकू कुछ नक्को, भाई.’ ती हो म्हणाली असती तर माहेरचा उंबरठा तिला राहिला असता काय? याचे उत्तर तिला ठाऊक असते आणि भावालाही. म्हणूनच उपखंडातील अनेक उलमांनी रूढीच्या व संकोचाच्या दडपणाखाली दिलेली अशी माफी ग्राह्य धरलेली नाही. आधी हिस्सा वेगळा करावा, तिच्या नावे फेरफार व्हावा, जमिनीचा ताबा किंवा किंमत तिच्या हाती पडावी. त्यानंतर तिने मोकळ्या मनाने भावाला काही दिले तर ती तिची मर्जी.

जमिनीच्या बाबतीत हदीस फार कडक आहे. ज्याने वीतभर जमीन अन्यायाने घेतली, त्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचा जू घातला जाईल, असे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. वीत हे माप मुद्दाम सांगितलेले दिसते. वीतभर जमिनीसाठी कोणी स्वतःला जुलमी समजत नाही.

अशा वेळी एकट्याने मनाशी विचार करून प्रकरण पुढे सरकत नाही. श्रद्धावंत हा श्रद्धावंताचा आरसा असल्याचे प्रेषितांनी सांगितले आहे (अबू दाऊद), आणि आरसा समोर असावा लागतो. बहिणीला एकटीला भेटावे, तिच्या घरी जाऊन, हातात कोणताही तयार कागद न घेता. पत्नीला विचारावे की, तिचा मेहर दिला गेला की निकाहाच्या रात्री माफ करवून घेतला. या प्रश्नांना मिळणारी उत्तरे ऐकून घ्यावीत आणि त्या वेळी खुलासा करू नये. मनात खुलासे येतीलच. ज्या मुद्द्यावर खुलासा सर्वांत घाईने जिभेवर येतो, तेथेच बहुधा बाकी निघते.

काही वाचकांच्या मनात असेल की, आमच्या बहिणींचा हिस्सा आम्ही दिला, आम्ही मोकळे झालो. त्यांनी सातबारा एक पिढी मागे नेऊन पाहावा. आजोबांच्या जमिनीत फुफीचा हिस्सा होता. तो दिला गेला नसेल तर ती जमीन वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आली, म्हणून आपली झाली नाही. फुफी हयात असेल तर विषय सोपा आहे. ती वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या वारसांचा आहे. ती मुले हैदराबादला असोत की उदगीरला, त्यांचा पत्ता घरातील जुन्या माणसांना ठाऊक असतो. जुना फेरफार उतारा तहसील कार्यालयातून काढावा, एखाद्या जाणकार मुफ्तींकडून हिस्स्यांची आकडेमोड लिहून घ्यावी, आणि वडिलांच्या नावे कुरआनखानी ठेवण्यापूर्वी त्यांच्यावरील ही बाकी फेडावी.